चालू स्थितीत

जाहिरात मीच लिहिली होती:
फ्रीज, एकशे नव्वद लिटर, एकहाती वापर,
उत्तम चालू स्थितीत. काहीही दोष नाही.
शेवटचं वाक्य लिहायला
कुणी सांगितलं नव्हतं.

पहिला फोन सात मिनिटांत.
हिंदीत बोलत होता, सैन्यात आहे म्हणाला,
बदली पुण्याला झालीय, माल उचलायला माणूस पाठवतो.
सात हजार म्हटलं, तर सात हजार.
सहकारनगरात चाळीस वर्षं काढली,
घासाघीस न करणारं गिऱ्हाईक
पहिल्यांदाच भेटत होतं.
कान तिथेच टवकारायला हवे होते.

मग ते काळ्या ठिपक्यांचं चौकोनी चित्र आलं.
“अंकल, स्कॅन कीजिए, पैसा आपके खाते में.”
स्कॅन केलं.
पडद्यावर सात हजार उमटले, खाली पिन मागितला,
आणि बोट पहिल्या आकड्यावर असताना
माझ्यातला कॅशियर खाकरला:
खात्यात पैसे यायला
खातेदाराची सही कधीपासून लागायला लागली?
सही लागते ती काढताना.
समोर एक, मागे एक.
एकतीस वर्षं काचेआड बसून
हेच तर सांगत आलो लोकांना.

फोन ठेवला. हात मात्र
रात्री दूध विरजतानाही थरथरत होता.

त्यानंतर जो येईल तो चोर.
भाग्यश्री वाघचौरे आली आंबेगाव पठारावरून,
पोरांचे डबे करते, सोबत दिराचा टेंपो.
तिने साडेपाचवर आणलं, तेव्हा जरा बरं वाटलं.
तरी आधार कार्ड मागितलं.
नोटा एकेक करून उजेडात धरल्या.
कोऱ्या कागदावर मजकूर लिहिला, मोत्यासारख्या अक्षरात:
माल पाहून, तपासून घेतला.
कोणत्याही कारणाने परत घेतला जाणार नाही.
तिने वाचलाही नाही.
सही केली. नखातली कणीक
कागदाला लागली.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ.
“काका, फ्रीज नाचतोय.”
खरंच नाचत होता. दारातल्या बाटल्या
आरतीला उभ्या असल्यासारख्या किणकिणत होत्या.
“एकतर पैसे द्या, नाहीतर येऊन बघा.”
मी सहीच्या कागदाचा फोटो काढला.
पाठवणार,
तेवढ्यात स्वयंपाकघरात नजर गेली.

फ्रीज होता तिथे फरशीचा पांढरा चौकोन,
मागच्या कोपऱ्यात
चपटी होऊन बसलेली एक घडी:
कुठल्याशा कॅलेंडरचा पुठ्ठा.
मीच कापलेला, मीच पायाखाली सरकवलेला,
कुठल्या साली, आठवत नाही.
साल विसरलो म्हणून
दोष विसरलो होतो का,
हे अजून ठरत नाही.

रिक्षावाला पठाराच्या चढाला कुरकुरला.
तिसरा मजला. लादी अशी उतरती
की लिंबू ठेवलं तर आपण होऊन दारात जावं.
पुठ्ठा घातला, पुरला नाही.
तिचा दीर वीट शोधायला खाली गेला.
माझ्या खिशात दुसरं काय होतं.
चार घड्या, मग आठ,
मजकूर आत, सही आत, कणकेचा डागही.
पाय टेकला.
फ्रीजने एक सुस्कारा टाकला
आणि गप्प बसला.

“एवढंच होतं? मग तेव्हाच सांगायचं ना.”
तिने डबे बाजूला सारून चहाला जागा केली.
मी साखर ढवळत राहिलो, होती ती विरघळल्यावरही.
चूक माझी होती, हे वाक्य
सुचलं ते धनकवडीच्या उतारावर.

त्या सैनिकाची तक्रार नोंदवली आहे.
चौदा आकडी नंबर मिळालाय, तो डायरीत आहे.

आता फ्रीजचा स्टॅबिलायझर काढायचाय.
जाहिरातीत लिहिलंय:
चालू आहे. दिवा लागला नाही
तर डावीकडून एक चापट मारावी.
मारली तरी उन्हाळ्यात कधीकधी लागत नाही.
आठ दिवस झाले.
फोन नाही.