गोल्फ क्लबवर

सातपूरच्या कारखान्यात बेअरिंगं तपासायला आलेले
कुवाबारा-सान. मी त्यांची दुभाषी, रोजंदारीवरची.
त्र्यंबक नाक्यावर रिक्षावाला ओरडला,
"गोल्फ क्लब, गोल्फ क्लब, एक सीट!"
आणि आठवडाभर मुका असलेला माणूस
म्हणाला, इथे जाऊ.

मैदानावर गोल्फ नव्हताच.
साहेब गेला, नाव राहिलं,
हे मला जपानीत नीट सांगता येईना.
कडेनं मफलर गुंडाळलेली मंडळी फेऱ्या मारत होती,
मधे क्रिकेटचे चार डाव एकमेकांत घुसलेले.

ते उकिडवे बसले. गवतावरून तळवा फिरवला,
तापातल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा.
अकरा वर्षं व्यावसायिक. विजय शून्य.
एकदा दुसरा नंबर, मियाझाकीत:
चार फुटांवरून चेंडू भोकाच्या कडेला फिरून बाहेर.
"उतार बरोबर वाचला होता.
स्वतःचा हात वाचायचा राहिला."
त्या रात्री बायकोनं विचारलं, जेवलास का.
एवढंच.
पुढे कार्ड गेलं, गुडघा गेला, मग बेअरिंगं.
"तीही गोलच," म्हणाले. हसले नाहीत.

"ओ काका, बॉल!"
याचं भाषांतर करावं लागलं नाही.
बाकावरच्या आजोबांची काठी मागून घेतली,
पाय जुळवले, श्वास सोडला.
चेंडू खडे, चपला, शेंगांची टरफलं चुकवत
बोलरच्या अंगठ्याशी जाऊन थांबला.

पोरगं बघत राहिलं. मग चेंडू इकडे ढकलून ओरडलं,
"परत!"

काय म्हणाला?
जपानीत याला दोन वेगळे शब्द आहेत,
एक घरी जाण्याचा, एक पुन्हा खेळण्याचा.
मी दुसरा सांगितला.