दीड

रात्री पावणेअकराला, उद्यमनगरातल्या माडीवर,
फाइल उघडली ती फक्त खिडक्यांची एक ओळ सरकवायला.
सगळे खांब हिरवे.
इतके हिरवे, की संशय यावा.

सेटिंगमध्ये गेले. सुरक्षा गुणांक.
काँक्रीट : एक पॉइंट दोन. पोलाद : एक.
हे आकडे मीच टाकले होते, आषाढात,
शाहूपुरीतल्या एका जुन्या इमारतीसाठी,
अपघाती भाराला ती टिकेल का, एवढंच बघायला.
बघितलं. चहा प्यायले. आकडे परत फिरवायचे राहिले.
प्रोग्राम काही बोलला नाही.
आपण सांगू तेवढंच भितो तो.

दीड लिहिलं. खाली एक पॉइंट पंधरा.
तळमजल्याचे चार खांब लाल झाले,
मग पाचवा, जिन्याच्या कडेचा.
तिकडे फुलेवाडीत त्या क्षणी
एक वीटसुद्धा हलली नाही.

टेबलावर ठोकळ्यांचा अहवाल पडलेला.
एकाच मिक्सरचे, एकाच दुपारचे तीन :
एक एकतीसला फुटला, एक अठ्ठावीसला,
तिसरा चोवीसला –
पाणी जास्त झालं, की कुणी उन्हात विसरला,
की उगाच.
दीड हा आकडा त्या तिसऱ्यासाठी असतो.

बाबा पॅटर्नमेकर होते, याच गल्लीत, दोन शेड सोडून.
त्यांची पट्टी एकदा शाळेत नेली
आणि भूमितीतली माझी प्रत्येक रेघ चुकली.
"अगं, ती जादाची पट्टी. शंभरात एक वाढीव.
बीड निवताना आकसतंय,
म्हणून सागवान आधीच थोरलं करून ठेवायचं."
पट्टी अजून माझ्या खणात आहे.
तिनं मी काही मोजत नाही.

हिंदुरावांना फोन लावला. अकरा वाजून गेलेले.
"म्याडम, सळई बांधून झालीया. सकाळी सातला मिक्सर येतोय.
दुपारनं पाऊस हाय म्हणत्यात."
मिक्सर थांबवा, म्हटलं. पाच खांबांत सळई वाढेल,
दोन जाड होतील.
बराच वेळ तिकडून नुसता टीव्हीचा आवाज.
"समदं हिरवं हाय म्हणालासा की."
म्हणाले होते.
"मग आता काय झालं?"
सांगायला बरीच वाक्यं होती, कलमांच्या क्रमांकांसकट.
माझं चुकलं, म्हटलं.
"बरं," म्हणाले. आणि मग,
"पैसं कुणी द्याचं त्ये उद्या बोलू."

आता आषाढानंतरच्या फाइली उघडत बसलेय. सात आहेत.
पहिल्या तीन दीडच्याच, जुन्या साच्यातून काढलेल्या.
खाली कुणीतरी शेडचं शटर ओढलं.
चौथी उघडतेय, हळूहळू, पडद्यावर चकली फिरतेय.
हिचा स्लॅब गेल्याच सोमवारी पडला.
पडला म्हणजे ओतला.
आपल्याकडे असंच म्हणतात.