मागची गल्ली, उद्यमबाग

नळाला पाणी आठवड्यातून एकदा,
त्यात माझ्या चाळीत ओडिशाची बारा पोरं.
"भाडं गोड लागतंय तुला, शेवंता,"
मोनाप्पा बैठकीत म्हणाला,
"खरं घागरी आमच्या रिकाम्या."

खोटं नव्हतं.
खरं त्याचाच पोरगा फाउंड्री सोडून मस्कतला गेला,
त्याच्या जागी आता बनमाली ओततोय लोखंड,
भुवईवर ठिणगीचा डाग.

मागून कोण की म्हणालं, "बाहेरचे."
सगळे जरा गप्प झाले.
शब्द गल्लीच्या ओळखीचा होता.

रात्री बनमाली दारात.
नीरू म्हणायचं की पाणी,
तोंड बघून ठरवतो तो.
"अक्का, किती घागरी भरू?"

तीन, म्हटलं मी.

चार म्हणता आलं असतं.