रकाना अकरा

ऑक्टोबर ते मार्च, सहा महिन्यांची ऑर्डर.
हुद्दा : हंगामी क्षेत्र सहायक.
म्हणजे पहाटे विजापूर रोडला एसटीची वाट बघायची,
वडकबाळच्या पुलाशी उतरायचं
आणि सीनेच्या काठाकाठानं
गळ टाकून बसलेल्यांना विचारत जायचं :
कधी आलात, आमिष काय लावलंत,
काय लागलं.

"काय मोजायलाव, ताई?"
मासे.
"आन् त्याचा पगार मिळतो?"
मिळतो. पहिल्या महिन्याचा तिसऱ्यात.

पाठीवरच्या पिशवीत मोजफळी, ताणकाटा,
खवल्यांसाठी कागदी पाकिटं.
खवल्यावर वर्षं गोल गोल उमटतात,
पोसलेल्या दिवसांची रुंद,
नदी डबक्याडबक्यांत तुटते तेव्हाची दाट, चिकटून.
सुकलेलं एक पाकीट उघडलं
की सगळा गेला उन्हाळा बोटाला वास देतो.

प्रशिक्षणात एक फिल्म दाखवली होती :
थंड देशातली नदी, सामन मासे
धबधब्यावर उड्या घेत जन्मगावी निघालेले,
आणि मांडीइतक्या पाण्यात माझ्याच वयाची कुणी,
हातात अशीच फळी, नाकावर अशीच सर्दी.
फॉर्म तिकडचाच.
भाषा बदलली, रकाने तेच राहिले.
रकाना अकरा : मासा परत सोडला का?

यल्लप्पा तळवार गुडघ्यावर थाप मारून हसला,
"सोडायला धरतंय व्हय कोण?"
वाहिदचाचांनी गळ सुद्धा हलवला नाही,
"छोड दिये तो खाना क्या, बेटी?"
चिलापी, नाही. वाम, नाही. शिंगटा, नाही.
चार महिने मी उभ्या रेघेत नाही लिहिलं,
शेवटी शेवटी तर विचारायच्या आधीच.

साहेबांनी एकच गोष्ट बजावली होती :
काही लागलं नसेल तर शून्य लिहा.
शून्य म्हणजे माणूस बसला होता.
रिकामं म्हणजे तुम्ही गेलाच नाहीत.

नरसय्या गज्जम यांची शून्यं सगळ्यांत जास्त.
टॉवेलच्या मागावर अडतीस वर्षं,
खडखडाटात दोन्ही कान गेलेले.
मोठ्यानं विचारावं तर शेजारचे खेकसतात, मासे पळतात,
म्हणून मी फॉर्म पुढं धरायची
आणि ते बोटांनी सांगायचे.
तास : पाच. मासे : मूठ उघडून रिकामा पंजा.

फेब्रुवारीत एका रविवारी
त्यांच्या गळाला मरळ लागली. हातभर.
मी फळी काढली, पेन दातात धरलं.
त्यांनी चष्मा पुसला, तिचा जबडा उजेडाकडं केला.
ओठात आधीचाच एक गळ रुतलेला, गंजून काळा,
मागं वीतभर दोरी,
आणि दोरीला
मागावर तुटला धागा सांधतात तसली गाठ,
बारीक, शेपट्या कातरलेली.

गाठीवरून त्यांनी अंगठा फिरवला.
माझ्याकडं बघून तेलुगूत काहीतरी म्हणाले,
मला कळलं नाही, आणि त्यांना माझं 'काय?' ऐकू आलं नाही.
मग दोन्ही गळ काढले,
जुना शर्टाच्या खिशात टाकला,
आणि फळीवर ठेवायच्या आत
मरळ पाण्यात.

त्यानंतर दोन तास बसून होते,
गळाला कणीक न लावता.
मी तेही लिहिलं, शेऱ्यात.

मार्चअखेर पुण्याहून फोन.
"वडकबाळ, फॉर्म दोनशे सोळा.
लांबी नाही, वजन नाही, खवला नाही,
आणि अकरामध्ये 'हो'?
अख्ख्या जिल्ह्यात एवढा एकच आहे.
चुकून पडला असेल, खोडू का?"

एसटी स्टँडवर अनाउन्समेंट चालू होती.
एका कानात बोट घालून मी म्हटलं,
नका खोडू.
रिकामं दिसतंय,
पण मी गेले होते.