जित्या जिवासाठी

कुर्ल्याहून आणला, दुहेरी पिशवीत,
रिक्षात मांडीवर धरून.
आई दारातच म्हणाली, हा मासा नाय.
खवलं कुठंयत? आन हात कशाला?

ॲक्सोलॉटल, मी म्हटलं.
तिनं तो शब्द जिभेवर दोनदा फिरवला
आणि काट्यासारखा बाहेर काढला.
तेव्हापासून तो अक्षा.

पाणी अठरा अंशांवर गेलं की त्याला सोसत नाही.
दांड्यात मे महिन्यात अठरा अंश
फक्त आईच्या थर्माकोलच्या खोक्यात,
सुरमईच्या कुशीला.
चिलरची किंमत ऐकून मी दुकानातून परत आले.
बोंबलांच्या शेजारी फ्रीजरात बाटल्या गोठवायच्या;
सकाळी एक, दुपारी एक, निजायच्या आधी एक,
औषधासारख्या.

तो काहीच करत नाही.
तळाशी उभा राहतो, पापण्या नसलेला,
तोंडावर हसू.
ते हसूही नव्हे, जबड्याची ठेवण नुसती.
ह्यांची जात मोठी होतच नाही, मी वाचून दाखवलं,
पोरपणातच अंडी घालतात.
आई कोलंबी सोलत होती.
मी पन तेच केलं, म्हणाली,
आणि पुढची कोलंबी घेतली.

त्या रात्री दिवे गेले ते गेलेच.
तेवीस. चोवीस.
बाटल्यांत नुसतं पाणी.
मी पुठ्ठ्यानं टाकीला वारा घालत बसले.

आई उठली. खोकं उघडलं.
उद्याच्या मालावरची लादी टोच्यानं फोडली,
तुकडा तीनदा धुतला,
दुधाच्या पिशवीत घालून घट्ट गाठ मारली
आणि हळूच पाण्यात सोडला.
चाळीस वर्सं बरफ घेतेय,
जित्या जिवासाठी आज पयल्यांदा.

मग मोबाइलच्या उजेडात वाकली.
बाजारात ती कल्ला अंगठ्यानं उचलते,
गिऱ्हाइकाला आतलं लाल दाखवते.
ह्याचे कल्ले बाहेरच, मानेवर तुऱ्यासारखे,
उचलायला काही नाही.
ती तरी बघत राहिली, बराच वेळ,
अंगठा काचेला टेकवून.

ताजा हाय, म्हणाली.
पदराला हात पुसला
आणि उरलेल्या बर्फात सुरमई पुन्हा लावायला घेतली.

सकाळी ती सुरमई पडेल भावात गेली.
हे तिनं नाही सांगितलं.
शेजारी पाटी लावणाऱ्या धोंडाईनं सांगितलं,
दोन दिवसांनी, हसत.