महिनाअखेरचा शुक्रवार

पगार झालेत.
केप टाउनच्या ह्या अंगाला आग्नेयेचा वारा सुटलाय,
वाळू दाराच्या फटीतून थेट माझ्या नोंदवहीत.
दहाला पहिला आला तो चालतच,
छातीवर पंजा दाबून,
आत येऊ का विचारावं तसा उंबऱ्यात थांबला.
"नाव?"
"लुंडी," म्हणाला,
आणि बोटांमधून एक बुडबुडा आला.

मग स्क्रूड्रायव्हर. मग बाटलीची मान.
मग सायकलचा आरा घासून केलेलं काहीतरी,
ज्याला आमच्या फॉर्मवर रकाना नाही.
मी लिहितो: टोकदार.
सिस्टर नोसिफो जीन्स कात्रीनं उभी चिरते
(किमतीचं लेबल अजून खिशाला)
आणि खेकसते, "हलू नकोस रे, माझ्या राजा."

दोघं एकाच टॅक्सीतून आले.
एकमेकांनीच भोसकलेले.
भाडं कुणी द्यायचं यावरून दारात पुन्हा जुंपली.

छातीत घालायच्या नळ्या संध्याकाळी चौदा होत्या.
साडेबाराला तीन.
दीडला डेन्झिल वरच्या वॉर्डात पळाला,
शेजारी वाटीभर साखर मागायला जावं तसा.
बाटल्याही संपल्या. नंतर काय वापरलं
ते लिहायचं नाही, असं आमचं ठरलंय.

इथवर सांगितलं की लोक विचारतात,
लुंडीचं काय झालं?
लुंडी बरा आहे.
मंगळवारी घरी गेला, सगळ्यांना टाके दाखवत.

नऊ नंबरच्या खुर्चीत
नोमाखवेझी बाई होत्या, दुपारी चारपासून.
आम्ही मखुलू म्हणायचो, म्हणजे आजीच.
हिरवी चिठ्ठी: थांबू शकेल असा पेशंट.
जबडा ठणकतोय, म्हणाल्या होत्या, दाढ असेल.
दोनदा त्यांचं नाव पुकारलं.
दोनदा त्या दाराकडे बघून म्हणाल्या,
"त्या पोराला घ्या आधी. माझं काय, मी बसलेय."

पहाटे डेन्झिल फरशी पुसत खुर्च्यांपाशी आला.
"पाय वर घ्या, मखुलू."
पुन्हा म्हणाला.
मग मॉप भिंतीला टेकवला.

'कारण' ह्या रकान्यावर
मी बराच वेळ पेन धरून बसलो.
चाकू लिहिता येईना.
त्यांना तर रात्रभर कुणी बोटही लावलं नव्हतं.

साडेसातला गोदामाची गाडी आली.
चोवीस नळ्या. मी मोजून सही केली.
"आज शनिवार," गाडीवाला म्हणाला,
"पुरतील ना?"