फुआंग मालाई

थोनबुरीच्या सिग्नलला, दिवा लाल असेतो
रम्पाई गाड्यांच्या काचांशी माळा धरते.
मोगरा, रुई, खाली चाफ्याचं शेपूट.
फुआंग मालाई, वीस बाट.

फुआंग म्हणजे घोस.
मालाई बहुधा एखाद्या भिक्खूच्या पोथीतून
समुद्र ओलांडून आली;
निघताना माला होती,
वाटेत ओल लागून शेवट जरा लांबला.

मग मोटारी आल्या.
स्टिअरिंगला नाव हवं होतं.
कुणीतरी त्या गोलाकडे पाहिलं असेल,
म्हणालं असेल, ही तर फुआंग मालाईच.

तिचा नवरा थवोर्न ट्रक चालवायचा.
लाम्पांगच्या घाटात सापडला तेव्हा
"फुआंग मालाई छातीत रुतली होती," पोलीस म्हणाला,
आणि तिला क्षणभर दिसली
आरशाला टांगलेली,
पहाटे तिनंच ओवलेली.

आज पोरगा मामाच्या पिकअपवर शिकतोय.
मुठी पांढऱ्या पडल्यात.
काच खाली होते. ती वाकते.
"एवढी घट्ट नको धरूस रे,
पाकळ्या काळ्या पडतात."

हिरवा.
मागून हॉर्न.
कुणाचे तरी वीस बाट घ्यायचे राहिले.